दुपारी एकची मध्यरात्र

बुधवारी संध्याकाळी सव्वाआठ वाजता चार नंबरच्या खोलीतल्या एकशेवीस कुंड्या मोजून झाल्या. एकोणनव्वद झाडांना फुलं होती. एकतीस झाडांना नव्हती.

खोलीच्या हिशेबाने ती सकाळ होती. दिवे पंधरा मिनिटांपूर्वीच लागले होते. वनस्पती संशोधन केंद्राच्या तळमजल्यावर अशा सहा खोल्या आहेत आणि एकीलाही खिडकी नाही. चार नंबरमध्ये दिवे रात्री आठला लागतात आणि सकाळी सहाला विझतात. पुढचे चौदा तास, म्हणजे बाहेर उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत, आत काळोख. दिव्यांची धग बाहेरच्या गार हवेत सोडणं सोपं जातं, म्हणून ही उलटापालट. तळमजल्यावरच्या लोकांना तिची इतकी सवय आहे की जेवणाच्या सुट्टीत कुणी "मध्यरात्र झाली, डबा उघडा" म्हटलं तर कुणी मान वर करून बघत नाही.

कुंड्यांमध्ये सोयाबीन होतं. हे वाण रात्र लांबल्याशिवाय फुलत नाही. चौदा तासांची रात्र दिली की अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आगेमागे पानांच्या बेचक्यात नखाएवढी जांभळी फुलं दिसतात. या प्रयोगांच्या प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात, हे वाण बावीस वर्षं लावत आल्या आहेत. त्यांच्या वह्यांमध्ये 'फुललं नाही' अशी नोंद या वाणापुढे एकदाही नाही. बुधवारी चौतिसावा दिवस होता.

"चुकलात," बाई म्हणाल्या.

"दोनदा मोजलंय," तंत्रज्ञ म्हणाले. सहाही खोल्यांचे दिवे लावण्या-विझवण्याची घड्याळं त्यांच्या ताब्यात असल्यामुळे त्यांचं नाव टायमरभाऊ पडलं आहे. "तिसऱ्यांदा मोजतो. पण फुलं काय माझ्यावर रुसून लपून बसलेली नाहीत."

तिसऱ्यांदाही एकतीसच निघाली.

न फुललेली झाडं दारापासूनच सुरू होत होती, आणि दारापाशी सफाईची बादली असते. गुरुवारी सकाळी सफाईच्या मुकादमांनी या दोन गोष्टी जोडल्या आणि दहा वाजता मावशींना ऑफिसात बोलावलं. मावशी या केंद्रात नऊ वर्षं दहा महिने फरशी पुसत आहेत. दहा वर्षं भरली आणि फायलीत शेरा नसला, की कंत्राटातून काढून कायम करतात. कायम होणाऱ्यांची यादी दोन महिन्यांनी लागायची होती. त्या यादीत मावशींचं नाव एकटंच होतं.

"खरं सांगा मावशी, बादली कुठे रिकामी करता?" मुकादमांनी विचारलं.

"मोरीत. आणखी कुठे करणार, डोक्यावर?"

"कुंड्यांत कधी चुकून..."

"साहेब, माझ्या घरी दोन कुंड्या आहेत. त्यांना मी चूळ भरलेलं पाणी घालत नाही. इथल्या कुंड्यांना फिनेल घालीन?"

टायमरभाऊ शेजारी बसून लिहून घेत होते. त्यांना एकच गोष्ट विचारायची होती. चार नंबरच्या दारावर त्यांच्याच अक्षरातली पाटी आहे: 'रात्री दार उघडू नये. हुकमावरून.'

"मावशी, रात्री कधी दार उघडलंत?"

"रात्री मी घरी असते, भाऊ. तीनला सुटते. रात्री येऊन दारं उघडायला मी काय भूत आहे?"

टायमरभाऊंनी लिहिलं: 'रात्री दार उघडलेले नाही.' मावशींनी खाली सही केली. मुकादमांनी सही केली. बाई तिथेच होत्या, त्यांनीही वाचून सही केली. चार माणसांपुढे हे वाक्य गेलं आणि चौघांनाही ते खरं वाटलं.

संध्याकाळपर्यंत केंद्राच्या संचालकांची चिठ्ठी आली. सफाई कर्मचाऱ्याच्या हयगयीमुळे प्रयोग बिघडल्याचं दिसतं, शेरा का मारू नये याचा खुलासा आठ दिवसांत द्यावा.

शुक्रवारी बाईंनी आलेख-कागद घेतला आणि खोलीचा नकाशा काढायला बसल्या. कुंड्यांच्या बारा ओळी, एका ओळीत दहा. फुललेल्या झाडाला टिंब, न फुललेल्याला फुली. पाणी ओतल्याने झाडं बिघडली असती तर फुल्या दाराजवळ घोळक्याने पडल्या असत्या, वाट्टेल तशा. तशा त्या पडल्या नाहीत. पहिल्या ओळीत थोड्या, मग प्रत्येक ओळीत जास्त पसरत त्या पार मागच्या भिंतीपर्यंत गेल्या. दोन्ही कडा पट्टी लावून आखल्यासारख्या सरळ होत्या. आणि या पसरत्या पट्ट्याच्या मधोमध टिंबांची एक वाट होती. तिथली तेरा झाडं फुलली होती.

टायमरभाऊ चहा घेऊन आले. कागदाकडे बघताना कप हातातच राहिला.

"हे दार आहे," ते म्हणाले.

"काय?"

"दार उघडल्यावर उजेड असा पडतो, बाई. असाच. उंबऱ्यापाशी चिंचोळा आणि पुढे रुंद."

बाईंनी चष्मा काढला. "दारापाशी आत काय ठेवलंय?"

"ओल शोषायचं यंत्र. दोन महिन्यांपूर्वी बसवलं."

"त्याचं पाणी कोण काढतं?"

"मावशी. टाकी रोज भरते. सुट्टीच्या दिवशीसुद्धा येऊन काढून जातात बिचाऱ्या."

"किती वाजता?"

"जेवायच्या आधी. एकला."

"एक वाजता आत काय असतं?"

टायमरभाऊंनी कप टेबलावर ठेवला. "मध्यरात्र," ते म्हणाले, आणि खुर्चीवर बसले.

दुपारी एक वाजता तिघं चार नंबरपाशी गेले. बाईंनी मावशींना सांगितलं, रोज करता तसंच करा, आम्ही इथे नाही असं समजा. मावशींनी दार उघडून ते मिटू नये म्हणून अडसर लावला, उंबऱ्यात उभं राहून यंत्राची तोटी सोडली आणि एक हात टाकीवर ठेवला. तोटी बारीक आहे. बादली भरायला सहा मिनिटं लागली. मावशींच्या पाठीमागे, दारासमोरच, बोळातली ट्यूबलाइट होती. तिचा उजेड दारातून आत जाऊन मागच्या भिंतीपर्यंत पसरला, आणि त्या उजेडाच्या मधोमध मावशींची सावली पडली.

बाईंनी हातातला नकाशा समोर धरला. सावलीत तेरा कुंड्या होत्या.

सहा मिनिटांचा मंद उजेड, चौतीस दिवस, आणि झाडांनी तो एकाही कुंडीची चूक न करता टिपून ठेवला होता. उजेडाची कड जिथे होती तिथेच फुलं थांबली होती. एक माणूस दारात उभं होतं, तेवढ्याच रुंदीत ती पुन्हा सुरू झाली होती.

"ही एवढी रुंद मी?" मावशींनी विचारलं.

"सावली लांब गेली की पसरते, मावशी," टायमरभाऊ म्हणाले.

"हे माझ्या घरच्या आरशालाही येऊन सांगा."

मग टायमरभाऊ म्हणाले, "तुम्ही काल सांगितलंत ते खरं होतं. मी ऐकलं ते वेगळं."

"तुम्ही ऐकलंतच कुठे? तुम्ही लिहीत होतात."

त्याच दिवशी चार वाजता बाई नकाशा घेऊन संचालकांकडे गेल्या. सोबत टायमरभाऊंचा खुलासा होता: पाटीवरचा 'रात्री' हा शब्द मी खोलीतल्या रात्रीसाठी लिहिला, वाचणाऱ्याने तो बाहेरच्या रात्रीसाठी वाचला, दोष माझा. संचालकांनी दोन्ही कागद वाचले. ते मूळचे मातीचे अभ्यासक.

"सहा मिनिटं," ते म्हणाले. "ट्यूबलाइट. बाई, आमच्याकडे नातवंडं रात्रभर दिवे लावत-विझवत असतात. गॅलरीतली जाई बिनघोर फुलते."

"जाईचं वेगळं आहे. या वाणाला..."

"तुमचा नकाशा सुंदर आहे. पण पाणी ओतलं नाही हे त्याने सिद्ध होत नाही. पुन्हा करून दाखवा. उजेडाच्या पट्ट्यात एक जरी झाड फुललं, तरी तुमचं सहा मिनिटांचं गणित मला पटणार नाही. तोवर शेरा थांबवतो. यादी लागेपर्यंत थांबवतो, त्यापुढे नाही."

बाईंनी प्रयोग असा मांडला. चार आणि पाच नंबरच्या खोल्यांत तेच बियाणं, तीच माती, तेच दिवे. दोन्ही खोल्यांत सकाळी सहाला रात्र सुरू होणार. दोन्ही दारांसमोर एकसारखी ट्यूबलाइट. दोन्ही दारं मावशींनीच उघडायची, सहा मिनिटं, त्याच जागी उभं राहून. पाच नंबरचं दार सकाळी आठला, रात्र सुरू झाल्यावर दोन तासांनी. चार नंबरचं दुपारी एकला. बादल्या टायमरभाऊंनी उचलायच्या, म्हणजे पाण्याचा प्रश्नच मिटला.

"आठचा उजेड आणि एकचा उजेड, फरक काय?" मावशींनी विचारलं. "दिवा तोच, मिनिटं तीच."

"संध्याकाळी सातनंतर परत याल का, पाऊण तास?" बाई म्हणाल्या.

सव्वासातला दोघी चार नंबरमध्ये गेल्या. जुनी झाडं अजून तिथेच होती. बाईंच्या हातात हिरवा कागद लावलेली छोटी विजेरी होती, या झाडांना कमीत कमी जाणवेल इतक्या मंद उजेडाची. डोळे सरावायला वेळ लागला. मग मावशींना झाडं दिसली. सगळी पानं देठापासून खाली लोंबत होती, मिटलेल्या छत्र्यांसारखी. एकशेवीस झाडं, सगळी तशीच. यंत्राची घरघर सोडली तर आवाज नव्हता.

"मेली?"

"झोपलीत. बघत राहा."

साडेसातला काही दिसलं नाही. पावणेआठला मावशींनी बाईंचा दंड धरला. समोरचं पान मघाशी कुंडीच्या काठाखाली होतं, आता काठाच्या वर होतं. हलताना ते दिसलं नव्हतं. शेजारचंही वर आलं होतं. विजेरी फिरवली तिथे तिथे पानं उचललेली होती. काळोखात, वारा नसताना, एकही दिवा लागलेला नसताना, अख्खी खोली पानं उघडत होती. आठला पाच मिनिटं कमी असताना बहुतेक पानं आडवी झाली होती, ताट धरावं तशी. मग दिवे लागले.

मावशी डोळे चोळत उभ्या राहिल्या. "यांना कोण सांगतं?"

"कुणी नाही. त्यांच्या आतच घड्याळ आहे. पानापानात. पानातल्या कणाकणात म्हटलं तरी चालेल."

"आणि दिवे लागलेच नाहीत तर?"

"गेल्या वर्षी मी तीन दिवस लावले नाहीत. तरी उठली. पहिल्या दिवशी वेळेवर, तिसऱ्या दिवशी तासाभराने उशिरा. पण उठली."

मावशी एका पानापाशी वाकल्या, त्याला हात न लावता. "म्हणजे मी एकला दार उघडते तेव्हा यांच्या घड्याळात मध्यरात्र."

"हो. त्या वेळेला उजेड दिसला की त्यांना रात्र तुटल्यासारखी वाटते. रात्र लहान, म्हणजे अजून मोठ्या दिवसांचाच हंगाम आहे, फुलायची घाई नको, पानं वाढवत राहा. आठला मात्र त्यांची नुकती कुठे संध्याकाळ झालेली असते. संध्याकाळी थोडा उजेड असला तर त्यात काय वावगं?"

"माझी सासू," मावशी म्हणाल्या.

"काय?"

"अशीच होती. संध्याकाळी घरात कितीही दंगा घाला, चालायचं. पण एकदा डोळा लागला आणि भांडं वाजलं, की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुणाशी बोलायची नाही."

बाई हसल्या. मावशी हसल्या नाहीत. त्या अजून पानाकडेच बघत होत्या. नऊ वर्षं दहा महिने या दारापुढून त्या रोज गेल्या होत्या.

नवीन झाडं पंधरा दिवसांची झाल्यावर त्यांना लांब रात्र सुरू झाली. टायमरभाऊंनी दारावरची पाटी बदलली. 'दिवे विझलेले असताना दार उघडू नये (प्रयोगातली सहा मिनिटं सोडून).' मुकादम येऊन वाचून गेले आणि म्हणाले, आता पाटीलाच एक पाटी लावा. मावशी रोज सकाळी आठला पाच नंबरच्या आणि दुपारी एकला चार नंबरच्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या. टायमरभाऊ घड्याळ धरून बाहेर बसायचे.

"साडेपाच मिनिटं झाली. हलू नका."

"शिंक येतेय."

"सहानंतर द्या."

सव्विसाव्या दिवशी पाच नंबरमध्ये पहिली फुलं दिसली. एकोणतिसाव्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी, दोन्ही खोल्या मोजल्या. पाच नंबरमध्ये एकशेवीसपैकी एकशेवीस. चार नंबरमध्ये सत्त्याऐंशी. उजेडाच्या पट्ट्याबाहेरची सगळी शहात्तर, आणि सावलीतली या वेळी तेराऐवजी अकरा.

"मावशी, या वेळी ताठ उभ्या राहिलात," टायमरभाऊ म्हणाले. "दोन कुंड्या बारीक झालात."

उजेडातल्या तेहतीस झाडांवर एकही फूल, एकही कळी नव्हती. पानं मात्र बाहेरच्या झाडांपेक्षा मोठी होती आणि शेंडे हातभर उंच गेले होते. वाढत राहायचं असा त्यांचा निर्णय होता आणि तो दुपारी एकच्या सहा मिनिटांवर झाला होता. दिवा तोच, मिनिटं तीच. शेजारच्या खोलीत त्याच मिनिटांनी काहीही बिघडलं नव्हतं. बाईंनी आकडे लिहिले आणि वही मिटायच्या आधी दोन्ही दारं पुन्हा एकदा उघडून आत पाहिलं. बावीस वर्षांत त्यांनी हे पुस्तकांत वाचलं होतं, शिकवलं होतं. अशा आकारात पाहिलं नव्हतं.

अहवाल शुक्रवारी अकराला संचालकांकडे द्यायचा ठरलं. यादी शुक्रवारी पाचला लागणार होती.

गुरुवारी दुपारी एक वाजता मावशी चार नंबरच्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या. बोळातला उजेड आत पडला. दुसऱ्या ओळीतली डावीकडची तिसरी कुंडी त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर होती, सावलीबाहेर, भर उजेडात. तिच्या वरून चौथ्या पानाच्या बेचक्यात काहीतरी होतं. मावशींनी निरखून पाहिलं. मग टाकीवरचा हात तसाच ठेवून त्या टायमरभाऊंना म्हणाल्या, "बाईंना बोलवा."

"सहा मिनिटं होऊ द्या."

"होऊ द्या. पण बोलवा."

सहा मिनिटं झाली, दार लागलं. बाई हिरवी विजेरी आणि भिंग घेऊन आत गेल्या आणि अकरा मिनिटांनी बाहेर आल्या.

"कळी आहे," त्या म्हणाल्या. "फुलाचीच. पानाची नाही."

मुकादम बोळातून येत होते ते थांबले. एक जरी झाड फुललं तर, हे संचालकांचं वाक्य तळमजल्यावर सगळ्यांना पाठ होतं. टायमरभाऊ मावशींच्या जवळ गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "तीळभर तर होती. कुणाला दिसली नसती."

"मला दिसली ना."

"तुमच्या हाताशी होती, मावशी."

"भाऊ, तुम्ही मला शिंकूसुद्धा देत नव्हतात."

बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. बाकीची बत्तीस झाडं अजून मुकी होती. बियाणं एकाच पिशवीतलं होतं. उजेड मोजायचं यंत्र आणून त्यांनी त्या कुंडीवरचा उजेड मोजला, तो शेजारच्या कुंड्यांइतकाच भरला. वरून कुठलं पान आडवं येत नव्हतं.

"मग हे कसं?" मुकादमांनी विचारलं.

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. "कदाचित या झाडाची मध्यरात्र एकला होत नसेल."

"म्हणजे घड्याळ बिघडलंय?"

"किंवा वेगळं आहे. जन्मतःच. लाखांत एखादं असतं म्हणतात. मी अजून पाहिलेलं नाही." त्यांचा आवाज खाली गेला होता. मग त्यांनी मावशींकडे पाहिलं. "हे अहवालात लिहावं लागेल."

"लिहा की," मावशी म्हणाल्या. "आहे ते आहे."

"साहेब नाही म्हणू शकतात."

"शकतात."

अहवाल चार पानांचा झाला. तिसऱ्या पानावर, दुसऱ्या ओळीतल्या तिसऱ्या कुंडीबद्दल सहा ओळी आहेत. कळी सर्वप्रथम कुणी पाहिली आणि कुणी कळवली, तेही त्यात लिहिलं आहे. शुक्रवारी अकरा वाजता बाईंनी तो स्वतः नेऊन दिला. संचालकांनी पहिली दोन पानं उभ्यानेच वाचली, तिसरं पान घेऊन ते खुर्चीत बसले, आणि हे झाड मला दाखवा म्हणाले. बाई म्हणाल्या, आत्ता त्याची रात्र आहे, संध्याकाळी आठनंतर दाखवते. यादी लावणाऱ्या कारकुनाला निरोप गेला की साहेबांची सही व्हायची आहे, थांबा.

पाच वाजता यादी लागली नाही, म्हणजे शेराही थांबलेलाच होता. शुक्रवारी संध्याकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी संचालक चार नंबरमध्ये भिंग घेऊन वाकलेले होते. मावशी आणि टायमरभाऊ बाहेर बोळात उभे होते. कळी तेव्हा दोन मिलिमीटर होती आणि टोकाशी जांभळी झाली होती.